सापळ्यातला आकडा फळ्यावर लिहा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या विकास सेवा सोसायट्यांचे चेअरमन, संचालक आणि गटसचिव

विषय : सोयाबीनच्या शिवारात कामगंध सापळे लावण्याबाबत, आणि लावल्यावर ते वाचण्याबाबत.



मी तुमचा सभासद. दरसाल कर्जाचं नवं-जुनं करायला येतो, अंगठ्याच्या जागी सही करतो आणि चहा न घेता जात नाही, एवढी ओळख पुरे. ऊस आहेच, त्याखेरीज दीड एकर सोयाबीन करतो. हे पत्र त्या दीड एकराबद्दल आहे. पण माझ्या दीड एकराचं काम माझ्या दीड एकरात होत नाही, हे कळायला मला तीन खरीप लागले, म्हणून ते तुम्हाला लिहितो आहे.

पहिल्या वर्षीची गोष्ट. भांगलण आटोपली, सोयाबीन गुडघ्याला आलं. मी दुकानातून चार कामगंध सापळे आणले. पिवळं झाकण, हिरवं नरसाळं, खाली लांब प्लॅस्टिकची पिशवी. झाकणाखाली अडकवायची ती रबराची एवढीशी गोळी, म्हणजे ल्युअर, दुकानदारानं जी हाताला लागली ती दिली. मीही विचारलं नाही. महिनाभर पिशव्या जवळजवळ रिकाम्या. मी बांधावरून बघायचो आणि म्हणायचो, यंदा अळी नाही. ऑगस्टच्या मध्याला एका कडेची पानं चाळणीसारखी झाली, आठवड्याभरात ती चाळण निम्म्या रानात पसरली. नंतर कळलं की माझ्या सापळ्यात घाटे अळीच्या पतंगाचं ल्युअर होतं आणि सोयाबीनवर बसली होती ती तंबाखूची पानं खाणारी अळी. एकीच्या मादीच्या वासाला दुसरीचा नर ढुंकून बघत नाही. माझी पिशवी खोटं बोलत नव्हती, मीच तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या वर्षी शहाणा होऊन बरोबर ल्युअर मागून घेतलं. पिशव्या भरायला लागल्या. तपकिरी पतंगांचा खच. येईल-जाईल त्याला मी पिशवी वर करून दाखवायचो, जणू रानडुक्कर मारलंय. आणि त्याही वर्षी पानांची चाळण झाली. शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "तुझा सापळाच वडून आणतोय बघ साऱ्या शिवारातली कीड. काढून टाक त्यो." मी तो काढलाही.

म्हणजे पहिल्या वर्षी रिकाम्या पिशवीनं मला निर्धास्त केलं आणि दुसऱ्या वर्षी भरलेल्या पिशवीनं. दोन्ही वेळा फवारणीची वेळ टळून गेल्यावर पंप पाठीवर घेतला. तिसऱ्या वर्षी कृषी सहायकांना गाठलं, दोन-चार पुस्तिका वाचल्या, आणि रोज सकाळी वही घेऊन रानात जायला लागलो. त्या वहीतून जे उमगलं ते सांगतो.

आधी हा वासाचा मामला काय आहे ते. पतंगाची मादी रात्रीच्या उत्तरार्धात एका जागी बसते आणि पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीतून वास सोडते. आपल्या नाकाला त्याचा पत्ता नाही. वाऱ्यावर वाहणारी त्याची रेघ नराच्या मिशांना लागली की तो वाऱ्याच्या उलट दिशेनं, वळणं घेत, तिच्यापर्यंत पोहोचतो. हा वास म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे पहिल्यांदा १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगावर दाखवलं. त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि हाती आला तो काही मिलिग्रॅम अर्क. आज तेच काम कारखान्यात होतं. आपल्या हातातल्या रबराच्या गोळीत मादीच्या वासाची नक्कल भरलेली असते. घाटे अळीच्या ल्युअरमध्ये दोन पदार्थ असतात आणि त्यांचं प्रमाण साधारण ९७ ला ३. ते तीन भाग वगळले तर नर येताना बिचकतो. इतकं नेमकं कुलूप आणि इतकी नेमकी किल्ली. म्हणून 'कुठलं बी ल्युअर द्या' हे वाक्य दुकानात म्हणायचं नसतं.

आता आप्पांच्या आरोपाकडे येतो. सापळा कीड ओढून आणतो का? ओढतो, पण नर ओढतो, आणि नर अंडी घालत नाही. म्हणजे आप्पा चुकले. पण मग पिशवी भरूनही माझी पानं का गेली? तिथं मी चुकलो होतो. समजा, एका रात्री माझ्या रानात शंभर नर आहेत आणि सापळ्यांनी सत्तर धरले. मी खूश. पण उरलेले तीस एका रात्रीत संपत नाहीत. आज एकीशी, उद्या दुसरीशी, परवा तिसरीशी असं ते करू शकतात. त्यामुळे माद्या फारशा कोऱ्या राहत नाहीत. त्यातून एखादी राहिलीच, तरी आप्पांच्या रानात फळलेली मादी रात्री बांध ओलांडून येते. तिला माझ्या सापळ्याच्या वासाशी देणंघेणं नाही, तिला पान हवं असतं. ती पानाच्या खालच्या बाजूला दोन-तीनशे अंड्यांचा पुंजका घालते, त्यावर आपल्या अंगाची तपकिरी लव पांघरते आणि निघून जाते. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर. माझ्या पिशवीत त्या रात्री सत्तर नर मेलेले असले तरी त्या पुंजक्याला काही फरक पडत नाही.

नर संपवून कीड संपवता येतच नाही असं मात्र नाही. तीही गोष्ट आपल्याच देशात सुरू झाली. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डासांसाठी सिट्रोनेला तेल लावणाऱ्या शेजाऱ्याभोवती फळमाश्या घोंगावतात, हे त्यांना कळलं आणि १९१२ साली त्यांनी ते लिहून ठेवलं. १९१५ पर्यंत त्यांनी त्यातला नेमका पदार्थ शोधला : मिथाइल युजेनॉल. हाच पदार्थ आपल्या अंगणातल्या तुळशीतही असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आंब्यातला 'रक्षक सापळा' याच वासावर चालतो. पुढं १९६०च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर विमानातून या वासाचे आणि विषाचे तुकडे टाकले गेले आणि त्या बेटावरून ती फळमाशी नाहीशी झाली. सगळे नर गेले, माद्या कोऱ्या राहिल्या.

पण ते बेट होतं. चहूबाजूंनी समुद्र, आणि एकाच वेळी सगळ्या बेटावर एकच उपाय. माझं दीड एकर बेट नाही, चेअरमनसाहेब. त्याच्या पूर्वेला आप्पांचं रान, पश्चिमेला भावकीचं, दक्षिणेला वाट्यानं दिलेलं, उत्तरेला ऊस. तुमच्या गावातल्या कोणत्याही सभासदाचं रान बेट नाही. आपल्या जिल्ह्यात जमिनीचे तुकडे इतके लहान आहेत की पतंगाला एका खातेदाराकडून दुसऱ्याकडे जायला पंखही नीट फडकवावे लागत नाहीत.

मग सापळा लावायचाच नाही का? लावायचा, पण त्याच्याकडून वेगळं काम घ्यायचं. माझी सगळी समजूत इथं उलटी झाली. आपण सापळ्याला मारेकरी समजतो, तो आहे बातमीदार. पतंग रानात आले का, कधी आले, वाढताहेत की ओसरताहेत, एवढं तो सांगतो. आणि ते तो अळी दिसायच्या आधी सांगतो, यातच त्याची सगळी किंमत आहे. नरांची संख्या चढली की त्यापाठोपाठच्या आठवड्यात पानांखाली पुंजके सापडतात. पुंजका फुटला की बारक्या अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर जमून राहतात, हिरवा भाग खरवडून खातात आणि ते पान पांढुरकं, जाळीदार होतं. तेवढं एक पान खुडून मातीत गाडलं की दोनशे अळ्या गेल्या. औषध नाही, पंप नाही. पण हे चार-पाच दिवस हुकले की त्या अळ्या रानभर पांगतात, मोठ्या होतात, दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात. मग पंप घेऊन तुम्ही ज्या पानावर मारता, त्या पानावर त्या नसतात. विषाणूजन्य औषधही लहान अळीवर चांगलं लागू पडतं, थोराड अळी त्याला दाद देत नाही.

म्हणून शिफारशीत आकडे असतात. हेक्टरी पाच सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. ल्युअर साधारण तीन आठवड्यांनी बदलायचं. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ ते दहा पतंग पडले की समजायचं, आता पान उलटून बघायची वेळ आली. लगेच फवारणी असा त्याचा अर्थ नाही, आधी बघायचं आणि मग ठरवायचं. फुलोऱ्याआधी सोयाबीन पानांचा चौथा ते तिसरा हिस्सा गमावूनही पुष्कळदा उत्पन्नात घट दाखवत नाही. चार पानांना भोकं दिसली की हातपाय गाळणारा माणूस असतो, सोयाबीन नव्हे. शेंगा भरताना मात्र ही सूट कमी होते.

वासाची गोळी हाताळण्याचेही चार नियम आहेत. तंबाखू मळलेल्या हातानं ल्युअरला शिवू नये. एका सापळ्यात दोन किडींची ल्युअर अडकवू नयेत. जुनं ल्युअर रानात टाकू नये, नाहीतर नर सापळ्याऐवजी ढेकळाशी घुटमळतात. आणि न फोडलेली पाकिटं गार जागी ठेवावीत. ट्रॅक्टरच्या टपाखाली मे महिनाभर पडलेल्या पाकिटात वास उरत नाही, नुसतं रबर उरतं.

मी वहीत रोज आकडा लिहीत होतो, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मुसळधार पावसाच्या रात्री पिशवीत शून्य. तीन रात्री संततधार असली तर तीन शून्यं. त्या शून्याचा अर्थ पतंग नाहीत असा नसतो, पतंग बाहेर पडले नाहीत एवढाच असतो. उघडीप पडली की एकदम आकडा उसळतो. गगनबावड्यासारख्या तालुक्यात हे शून्य फार दिवस टिकेल, शिरोळकडे कमी दिवस. म्हणून शेजारच्या तालुक्याचा आकडा आपल्याला चालत नाही, आपल्या शिवाराचाच लागतो.

हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. २००८च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यानं 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरावीक प्लॉटवर माणसं जातात, सापळे मोजतात, अळ्या मोजतात, माहिती संगणकावर चढते, विद्यापीठाचे तज्ज्ञ ती बघतात आणि सल्ला मोबाइलवर येतो. योजना चांगली आहे. पण तो सल्ला तालुक्याचा असतो आणि माझं रान ओढ्याकाठचं असतं. मोबाइलवर आलेला संदेश लग्नाच्या पत्रिकांखाली आणि 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडला जातो. बातमी शिवारापासून निघून वरपर्यंत गेली, पण परत शिवारात पोहोचायला तिला गावात कुणी घर ठेवलं नाही.

ते घर तुम्ही द्या, एवढंच मागणं आहे.

आपल्या जिल्ह्याला एकत्र येऊन काम करायला शिकवावं लागत नाही. नदीवरून डोंगरापर्यंत पाणी चढवलं ते पाणीपुरवठा संस्थांनी. साखर कारखाने सहकारातून उभे राहिले. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर चढतात. तेव्हा फांद्या हलवून, भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकण्याच्या मोहिमा गावांनी केल्या आहेत आणि कारखान्यांनी त्यांना हात दिला आहे. हुमणी एकट्याच्या रानात मारून भागत नाही हे आपण मान्य केलं, कारण ती ऊस खाते. पानं खाणाऱ्या अळीच्या बाबतीत तेच मान्य करायला काय अडतं? ती सोयाबीन खाते म्हणून?

यावर तुमच्या मनात येईल ते मी आधीच सांगतो. 'सोयाबीन हे आपलं वरकड पीक. ऊस तारतो.' खरं आहे. पण उसाचं बिल येईपर्यंत दसरा-दिवाळी काढतं ते सोयाबीनच. आडसालीच्या सरीवरचं असो वा स्वतंत्र रानातलं, पोती घरात आल्याशिवाय मजुरांची देणी फिटत नाहीत. तांबेऱ्यानं पीक जळत होतं तेव्हा आपल्या शेजारच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं फुले संगमसारखे वाण दिले आणि तांबेऱ्याचं उत्तर बऱ्याच अंशी बियाण्याच्या पिशवीत मिळालं. अळीचं उत्तर त्या पिशवीत नाही. ते रोज सकाळी रानात जाऊन आणावं लागतं.

दुसरी शंका : 'एक फवारणी आधीच मारून टाकली की झालं, मोजत कोण बसतंय?' मीही तेच करायचो. पण आपल्याकडच्या ओल्या श्रावणात सोयाबीनवर एक मजा दिसते. पानाला चिकटून मेलेल्या, कडक झालेल्या पांढऱ्या अळ्या, नंतर त्यांच्यावर हिरवट भुकटी धरते. ती नोमुरिया नावाची बुरशी. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं तिच्यावर बरंच काम केलं आहे. हवा दमट असली की ती आपोआप अळ्यांमध्ये साथ पसरवते आणि आपल्याला बिल पाठवत नाही. गरज नसताना मारलेलं बुरशीनाशक आधी तिला मारतं, आणि कीटकनाशक आधी कोळी आणि ढालकिडे मारतं. मग उरलेल्या अळीला रान मोकळं. शिवाय २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ते पीक कापसाचं होतं, पण पाठीवरचा पंप तोच आहे. जी फवारणी टाळता येते, ती टाळण्यासाठी आकडा लागतो.

तिसरी शंका सगळ्यांत खरी आहे : 'हे सापळे सगळ्या किडींवर चालतात का?' नाही. चक्रीभुंगा आणि खोडमाशी या सापळ्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी झाडाचा खुंट, कोमेजलेला शेंडा, देठावरची दोन चक्रं बघावी लागतात. तंबाखूच्या पानांवरची अळी आणि घाटे अळी यांची ल्युअर वेगळी आणि त्यांची पिशवीही वेगळी वाचायची. रब्बीत हरभरा करणाऱ्या शिरोळ-हातकणंगल्याच्या सभासदांना घाटे अळीचं ल्युअर लागेल. आम्हाला खरिपात दुसरं. सापळा हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असं कुणी सांगू लागलं तर त्याला आधी दुकानाचं नाव विचारा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. अवघड नाही.

एक. पेरणीपूर्वी संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करा. वार्षिक सभेची वाट बघू नका. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तोवर सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

दोन. गावाच्या शिवारात वीस जागा निवडा. ओढ्याकाठ, माळ, उसाची कड, गावाजवळचं रान, अशा वेगवेगळ्या. प्रत्येक जागी दोन सापळे, म्हणजे चाळीस. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक सापळ्याला तीन ल्युअर धरली तर एकशेवीस. सापळा नीट जपला तर पुढच्या वर्षीही चालतो, दरसाल लागतं ते ल्युअर. ही खरेदी सोसायटीनं एकत्र करावी, किडीचं नाव आणि तयार झाल्याची तारीख बघून. प्रत्येक सभासदानं स्वतःच्या रानात शिफारशीप्रमाणे सापळे लावले तर उत्तमच, पण बातमीसाठी गावाचे हे चाळीस वेगळे राहू देत.

तीन. वाचायला माणूस ठरवा. गावात बचत गटाच्या बायका आहेत, शेतीशाळा केलेली पोरं आहेत. त्यांना हंगामाचं मानधन द्या. फुकटचं काम पंधरा दिवस टिकतं. पिशवी सकाळीच सोडायची, मोजायची, पतंग पुरायचे, पिशवी पुन्हा बांधायची. 'कामगंध' शब्द ऐकून पोरं हसतील. हसू द्यात. हसलेला शब्द लक्षात राहतो.

चार, आणि हेच महत्त्वाचं. आकडा फळ्यावर लिहा. सोसायटीच्या कार्यालयाच्या फळ्यावर नको, तिथं सभासद वर्षातून दोनदा येतो. दूध संस्थेच्या दारातल्या फळ्यावर लिहा. तिथं गावातली निम्मी घरं दिवसातून दोनदा किटली घेऊन उभी असतात. फॅट लागायची वाट बघताना माणूस समोर जे असेल ते वाचतो. 'ओढ्याकाठ : ११. माळ : ३. उसाची कड : ९. पान उलटून बघा.' एवढ्या चार ओळी. मी सांगतो, दहा मिनिटांत ती बातमी दुधाच्या किटलीबरोबर घरोघर जाईल.

पाच. त्या आकड्यांची वही जपून ठेवा. एका वर्षाची वही म्हणजे बातमी. पाच वर्षांची वही म्हणजे गावाची अक्कल. आपल्या शिवारात पतंग कोणत्या नक्षत्रात चढतात, पूर ओसरल्यावर काय होतं, कोणत्या कोपऱ्यातून सुरुवात होते, हे कोणतंही विद्यापीठ आपल्या गावापुरतं लिहून देणार नाही. शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्राला किंवा कृषी महाविद्यालयाला ती वही दाखवा. सलग पाच वर्षं एका शिवाराचे रोजचे आकडे बघून कुणीही अभ्यासक खुर्ची ओढून बसेल.

याला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवा. सभासदाच्या एका टाळलेल्या फवारणीचा खर्च डोळ्यांपुढे आणा : औषध, मजुरी, पाणी. गावात किती जणांनी एक फवारणी टाळली, त्याचा हिशेब गटसचिवांनी हंगामानंतर मांडावा. तो हिशेब सापळ्यांच्या खर्चाखाली गेला तर पुढच्या वर्षी ठराव रद्द करा. मी हात वर करून मत देईन.

तिसऱ्या वर्षीच्या माझ्या वहीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा सलग तीन दिवस दहाच्या वर गेला. मी आणि घरची मंडळी सकाळी पानं उलटत फिरलो. चौतीस जाळीदार पानं सापडली. खुडली, गाडली. माझं रान त्या वर्षी बऱ्यापैकी वाचलं. तीच बातमी मी आप्पांना सांगितली नाही, कारण सापळ्यावरून आमची बोलाचाली झाली होती आणि मी रुसून होतो. त्यांच्या रानात ऑगस्टअखेर चाळण झाली. सप्टेंबरात त्यांच्याकडून पुढच्या पिढीचे पतंग माझ्याकडे आले, शेंगा भरायच्या वेळी, आणि वाचलेल्यातलं थोडं गेलंच.

आकडा माझ्या खिशात होता. तो फळ्यावर असता तर आप्पांना सांगायला मला बोलावं लागलं नसतं. दोन शेजाऱ्यांच्या अबोल्यावर गावाचं पीक सोडू नका. खडू सोसायटीचा, फळा दूध संस्थेचा, आकडा शिवाराचा. यंदा मृगाच्या आधी बैठक लावा. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला मी येतो. आप्पांनाही घेऊन येईन, आता बोलतो आम्ही.

आपला,
एक सभासद